ती सांगेल तेच लिहायचं

९ जानेवारी

माझ्या नातीला ढ म्हणाल्या! तोंडावर! तिच्या आईसमोर, माझ्यासमोर, आणि पाण्याचा पेला घेऊन आलेल्या शिपाईमामांसमोर!

शाळेतून बोलावणं होतं. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत पाहुण्यांना खुर्च्या दोनच. एकीवर सूनबाई, एकीवर भिंगरी, मी उभी. गुडघा कुरकुरत होता. म्हटलं गप रे, आज तुझा दिवस नाही. मोठ्या बाई बोलतात मोजून, जणू शब्द विकत आणलेत. म्हणाल्या, "सहावीत दुसरं वर्ष आहे हिचं. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. मुलगी ढ आहे, हे घरच्यांनी मान्य करायला हवं. या खेपेला राहिली तर नाव काढावं लागेल."

सूनबाई रडायला लागली. भिंगरी छताचा पंखा बघत होती. ती अशीच, कुठे काय फिरतंय ते आधी दिसतं तिला. म्हणून तर भिंगरी म्हणतो.

मी म्हटलं, "बाई, एकदा ऐकलेलं ही विसरत नाही. लिफ्ट मध्येच का अडकते ते तिच्या बापापेक्षा नीट सांगते." (माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो.)

"आजी, पेपर लिफ्टवर नसतो."

शिपाईमामा हसले. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की पेल्यातलं पाणी सांडलं.

नाव काढणार म्हणे. बघतेच!

११ जानेवारी

ही डायरी सूनबाईनं दिली. ती औषधाच्या दुकानात असते, नव्या वर्षाला कंपन्या वाटतात. दर पानाखाली जाहिरात. आजच्या पानाखाली छापलंय — 'अपचन? आता विसरा!' विसरते. पण मोठ्या बाई पचत नाहीत त्याचं काय?

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे आईला हाताखाली कुणी हवं होतं. पण अक्षर गोल आहे माझं, आणि लिहिताना मोकळं वाटतं. बोलताना कुणी ना कुणी मध्ये बोलतं. पान बोलत नाही.

१४ जानेवारी

वर्गबाई चांगल्या आहेत. तरुण आहेत, नाकात सर्दी कायमची. फाटकाजवळ गाठून हळूच म्हणाल्या, "आजी, वाचताना अडखळणारी मुलं तपासायला एक ताई शाळेत येतात. पुढच्या बुधवारी येतील. भिंगरीला दाखवू या. माझ्या मते ती ढ नाही. काहीतरी वेगळं आहे."

संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्यानं पान्हे पेटीत आपटले.

"नको आई. एकदा शिक्का बसला की पुसत नाही."

"आणि ढ हा काय दागिना आहे?"

मी वर्गबाईंनी दिलेला परवानगीचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. सही केली, पण माझ्याकडे न बघता. लहानपणी औषध घेताना असंच तोंड करायचा.

१८ जानेवारी

जोरात तयारी! वर्गबाईंच्या बोलण्यातून कळलं की सहावीच्या पुस्तकातलाच उतारा वाचायला देतात. मधमाशांचा धडा बहुतेक. मग काय! मी वाचते, भिंगरी ऐकते. मी थांबते तिथे थांबायचं, खोकते तिथे खोकायचं नाही. दुपारपर्यंत सगळा धडा तोंडपाठ! बोट कुठून कुठे न्यायचं तेही बसवलं. बघू दे त्या ताईला, माझी नात काय चीज आहे!

२१ जानेवारी

भिंगरीनं घडाघडा वाचलं! एक अक्षर चुकलं नाही! ताई म्हणाल्या, "छान. हिला काही अडचण दिसत नाही."

मी वाटेत तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला. स्वतःलाही घेतला. दात ठणकले, पण आनंद मोठा.

२२ जानेवारी

अगं बाई गं.

वर्गबाईंनी मला जिन्यात थांबवलं. "आजी, हे काय केलंत? अडचण दिसावी म्हणूनच तर तिला नेलं होतं! आता कागदावर 'काही नाही' लागलं. मदत कशाच्या जोरावर मागू?"

मी मटकन पायरीवर बसले. खरंच की! डॉक्टरकडे नेताना ताप उतरवून नेलं मी पोरीला! आमच्या घरात तपासणी म्हटली की पास व्हायचं, एवढंच ठाऊक. तपासणीत नापास होऊन फायदा असतो हे कुणाच्या बापाला माहीत!

ताईंचा पत्ता घेतलाय. उद्या जाते.

२३ जानेवारी

ताई इस्पितळाच्या मागच्या इमारतीत बसतात. खोलीत छोट्या खुर्च्या, भिंतीला फळा, एक वाळू भरलेला ट्रे. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, "आजी, अख्खा धडा पाठ झाला तिला? कान एवढे पक्के आणि वाचन अडलेलं, ही तर मला हवी होती ती बातमी!"

मंगळवारी परत बोलावलंय. या वेळी काय विचारतील ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. (विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.)

२७ जानेवारी

आज जे बघितलं ते आधी लिहिते.

ताईंनी तिला शब्द वाचायला दिले, पण खोटे! जगात नसलेले! टिमगा. लुपडे. झरको. म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नाही. मला मोठं हसू आलं. पण भिंगरी 'टिमगा'वर थांबली ती थांबलीच. मान लाल झाली. बोटानं अक्षर धरून ठेवलं, जणू सोडलं तर पळेल. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. कितीदा तरी तिला म्हटलं असेन, 'अगं नीट बघ ना!' ती बघतच होती. सगळा जीव ओतून बघत होती.

मग लाकडी ठोकळे दिले, चित्रात आहे तसं रचायला. ताईंचा हात घड्याळावर पोचायच्या आत रचून मोकळी!

घरी येताना मी विचारलं, "अक्षरं नाचतात का गं? असं म्हणतात."

"नाही गं आजी. ती जागेवरच असतात. मीच पोचत नाही त्यांच्यापर्यंत. बाकीचे पोचून परत पण येतात."

घरी पोचेपर्यंत मी तिचं बोट सोडलं नाही.

६ फेब्रुवारी

निकाल आला. डिस्लेक्सिया. ताईंनी मुलाला आणि सूनबाईला समोर बसवून सांगितलं — बुद्धी उत्तम. अक्षर आणि आवाज यांची जोडी लागायला हिला जास्त वेळ आणि वेगळी शिकवणी लागते. आळस नाही, हट्ट नाही, घरच्यांचं चुकलेलं नाही. वेळ लागेल, पण ती वाचेल. तोवर परीक्षेला जास्त वेळ मिळेल आणि प्रश्न वाचून, उत्तर लिहून द्यायला एक माणूस. त्याला लेखनिक म्हणतात.

मुलानं एवढंच विचारलं, "म्हणजे ती मुद्दाम करत नव्हती?"

"नाही."

घरी आल्यावर तो भिंगरीशेजारी बसला आणि तिच्याकडून लिफ्टच्या दाराचं कुलूप कसं चालतं ते ऐकून घेतलं. त्याला माहीत नसतं का! तरी ऐकलं.

१३ फेब्रुवारी

आमचा स्वयंपाकघराचा ओटा म्हणजे शाळा झालीय. ताईंनी शिकवलं तसं ताटात वाळू, वाळूत बोटानं अक्षर, अक्षर काढताना त्याचा आवाज. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला मी चीर पाडली — पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीच्या ओळी झाकलेल्या. आज तिनं त्या खिडकीतून एक ओळ वाचली. एक! अख्खी! मग पुठ्ठा भिरकावून म्हणाली, "आता बास, डोकं दमलं."

दमू दे. मी त्या ओळीवर दिवसभर नाचले. शेजारीण विचारते, "काय हो, लॉटरी लागली का?"

२० फेब्रुवारी

संताप संताप!

मोठ्या बाईंनी ताईंचा कागद वाचला. म्हणाल्या, "वेळ देऊ जास्त. पण लेखनिक कुठून आणू? नियमाप्रमाणे तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा. म्हणजे उत्तरं सांगणार नाही." मग वर्गबाईंनी पाचवीतल्या मुलामुलींच्या घरी विचारलं. सगळीकडून नकार! एक आई तर म्हणाली, "आमच्या मुलीला त्या मुलीजवळ बसवू नका, तिलाही तसंच झालं तर?" सर्दी आहे का ती? लागायला?

मोठ्या बाईंनी हात झटकले. "मी तरी काय करू? कमी शिकलेलं माणूस आणू कुठून?"

आणि माझ्या तोंडून निघालं — "हे काय समोर उभं आहे!"

"कोण?"

"मी! चौथी पास!"

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. वर्गबाईंना शिंक आली, खरी की खोटी देव जाणे.

आयुष्यभर जिथे तिथे ऐकलं, शिक्षण किती? चौथी. मग नाही जमणार. आज पहिल्यांदा चौथी बरोब्बर मापाची निघाली!

२४ फेब्रुवारी

मोठ्या बाई सहजी सोडत नाहीत. "घरचं माणूस. नातीला सांगणारच." मी म्हटलं, "काय सांगणार? इतिहासाचा पेपर मला वाचताच आला तरी मिळवलं!" शेवटी ठरलं, वर्गबाई शेजारी बसून पहारा देणार. अट एकच. मोठ्या बाईंनी ती मला दोनदा म्हणायला लावली — ती सांगेल तेच लिहायचं. एक अक्षर जास्त नाही, कमी नाही. मोडली तर पेपर रद्द.

आधी माझं वाचन-लिखाणही तपासलं. शिपाईमामा दारातून बघत होते. मोठ्या बाई भराभर सांगत होत्या, मी भराभर लिहीत होते. बोटं दुखली. पण माझी गोल अक्षरं बघून म्हणाल्या, "हं."

'हं' म्हणजे पास!

२ मार्च

सराव. भिंगरी मला रागावते.

"आजी, प्रश्न वाचताना 'बरं का बाळा' म्हणायचं नाही."

"बरं."

"आणि मी चुकले की तू च् च् करतेस."

"मी? कधी?"

"आत्ताच केलंस!"

लांब शब्दांवर मीही अडखळते. 'प्रकाशसंश्लेषण' — हा शब्द ज्यानं काढला त्यानं तो रोज एकदा म्हणावा, म्हणजे कळेल. पण आता येतो. भांडी घासताना म्हणते.

१६ मार्च

परीक्षा सुरू. आम्हांला वेगळी खोली, नकाशे ठेवायची. तिघी जणी आणि एक पृथ्वीचा गोळा. मी वाचते, ती डोळे मिटून ऐकते, मग बोलायला लागते आणि मी धावते मागून. काय बोलते! हिच्या पोटात एवढं होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं कोरी पानं बघून तिला बोलत राहिलो!

१९ मार्च

आरोग्याचा पेपर.

सगळं नीट चाललं होतं. जखम कशी धुवायची, उकळलेलं पाणी का प्यायचं, फटाफट सांगत होती. मग पुढचा प्रश्न मी वाचला — 'रक्ताचा डाग लागलेले कापड आधी कोणत्या पाण्यात भिजवावे? कारण लिहा.'

माझा जीव सुपाएवढा झाला! माझं सगळं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलं. थंड! थंड पाण्यात! गरम पाण्यात टाकलं की रक्त कापडात शिजतं, मग काही केल्या निघत नाही. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

भिंगरी म्हणाली, "गरम. कारण गरम पाण्यानं जंतू मरतात आणि डाग लवकर निघतो."

माझं पेन थांबलं.

वर्गबाईंनी वर बघितलं. मी खोकले असते तरी पोरीला कळलं असतं. नुसती मान वर केली असती तरी! ती मला नखशिखांत ओळखते. मी मान खाली धरून ठेवली. जीभ दाताखाली धरली. आणि लिहिलं. ग. र. म.

मी! गरम!

ती खुशीत म्हणाली, "पुढचा?" मी पुढचा वाचला. आवाज माझाच होता का कोण जाणे.

बाहेर फाटकाशी मुलगा उभा. कामाच्या कपड्यांत, हात काळे. अर्धा दिवस सुट्टी काढून आला होता. भिंगरीला उचलायला गेला, ती केवढी झालीय हे विसरून. मी डाग-बिग काही बोलले नाही. भिंगरीलाही सांगितलं नाही. परीक्षा संपू दे आधी.

११ एप्रिल

मोठ्या बाईंनी बोलावलंय. निकालाआधीच. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा म्हणाला, "मी येतो." मी म्हटलं, "ये. पण बोलणार मी."

१३ एप्रिल

टेबलावर भिंगरीचे पेपर, सगळे माझ्या गोल अक्षरात. मोठ्या बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी हिनं कोरे पेपर दिले. या वर्षी हे! आजी, हे मुलीचं आहे, यावर मी विश्वास कसा ठेवू? वर्गबाईंचं मन मऊ आहे. मला हे रद्द करावं लागेल."

मुलगा उठायला लागला. मी त्याचा शर्ट मागून धरला.

"बाई," मी म्हटलं, "ती बाहेर बाकावर बसलीय. बोलवा. तुम्हीच वाचा, तुम्हीच विचारा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते." आणि राहिले! समोर बक्षिसांच्या कपांचं कपाट. एकाही कपावरची धूळ पुसलेली नव्हती.

मोठ्या बाईंनी विचारलं. इतिहास, भूगोल, विज्ञान. भिंगरी सांगत होती, आधी घाबरून, मग रंगून. दोनतीनदा तर पेपरात आहे त्याहून जास्त. मग आरोग्य. पाठीला कान फुटले माझ्या.

"रक्ताचा डाग?"

"गरम पाण्यात!" ठणठणीत आवाजात.

पान उलटल्याचा आवाज. मग मोठ्या बाई हळू म्हणाल्या, "आजी, इकडे बघा. पेपरातही 'गरम'च आहे. तुम्ही काय काम करायचात?"

"इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. निवृत्त होईपर्यंत."

"म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं."

"झोपेतून उठवून विचारा."

"आणि तरी 'गरम' लिहिलंत?"

"तिनं सांगितलं ते लिहिलं."

भिंगरी माझ्याकडे वळली. "म्हणजे चूक आहे? आजी! तुला माहीत होतं? आणि तू सांगितलं नाहीस!"

"नाही सांगितलं. आणि चुकलीस म्हणूनच वाचलीस, गधडे!"

मोठ्या बाईंनी पेपर एकावर एक रचले, कडा जुळवल्या. म्हणाल्या, "मुलगी सातवीत जाईल." मुलानं खाली बघून नाक पुसलं, काळा हात लागून नाक काळं झालं. कुणी हसलं नाही. मग मीच हसले.

ढ म्हणाल्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, "तो एक शब्द तेवढा परत घ्या." घेतला. भिंगरीकडे बघून घेतला.

पण उठताना शेवटचं ऐकवलंच — "आजी, हे या वर्षापुरतं. वरून प्रश्न येतील. पुढच्या वर्षीपासून बाहेरचा लेखनिक चालणार नाही. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेलाच हवा, खालच्या वर्गातला."

"हजेरीपटावर नाव हवं," मी म्हटलं.

"हो."

"खालच्या वर्गात."

"हो. नियम म्हणजे नियम."

मी नमस्कार केला आणि निघाले. वाटभर मुलगा विचारत होता, "आई, एवढी गप्प का? आई, काय चाललंय डोक्यात?"

१२ जून

पाचवी, तुकडी क. शेवटचा बाक. मोठ्या बाईंनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं — वयाची खालची अट सापडली, वरची कुठेच नाही! हजेरी झाली, माझं नाव शेवटी, मी "हजर!" म्हटलं तर शेजारच्या वर्गातूनही पोरं डोकावली. बाकावरची चिमुरडी विचारते, "आजी, तुम्ही नापास झालात तर?" म्हटलं, "झाले तर बरंच. मला सातवीतल्या एका मुलीच्या खालीच राहायचंय."